आखाजी, ईद आणि एका पिक्चरवरून पडलेले दोन तट

२१ एप्रिल २०२३ च्या शुक्रवारी सलमान खानचा ‘किसी का भाई किसी की जान’ लागला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ईद आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एकाच तारखेला आल्या. खान्देशात याहून मोठा सण-सुट्टीचा मुहूर्त सापडणं कठीण. पिक्चर सुटल्यावर मात्र बाहेर येणाऱ्या गर्दीचे सरळ दोन भाग पडले. एक म्हणायचा पैसा वसूल, दुसरा म्हणायचा भाईचं नाव सोडलं तर आत काही नाही. ‘पिच्चर भारी शे, पन स्टोरी काही नही,’ असं दोन्ही बाजू सांभाळणारेही होते.

असा वाद झाला की सिनेमाच्या धंद्यातल्या लोकांकडे एक तयार उत्तर असतं. शहरातल्या शिकल्या-सवरल्यांना पिक्चर आवडला नाही, बी आणि सी सेंटरच्या, म्हणजे लहान शहरं आणि तालुक्यांच्या, पब्लिकला आवडला. तिथे फाइट आणि गाणी असली की भागतं. जळगाव-धुळ्याची गणती याच सेंटरांत होते, म्हणून हे उत्तर मला फार लागतं आणि ते खरंही नाही. खान्देशातल्या प्रेक्षकाचे दोन तट कसे पडत आले, हे पाहायचं तर बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात पंचांगापासून करू. २००९ साली ‘वाँटेड’ ईदच्या तोंडावर आला, तो सप्टेंबरमध्ये. तेव्हापासून ईद म्हणजे सलमान हे समीकरण बसलं. पण ईद चंद्राच्या हिशेबाने दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१२ ला ती ऑगस्टमध्ये होती, २०१५ ला जुलैमध्ये, २०१९ ला जूनच्या पहिल्या आठवड्यात. पावसाळ्यातला पिक्चर असा सरकत सरकत उन्हाळ्यात आला. कपाशीवाल्या मुलखात या सरकण्याला फार अर्थ आहे. जून-जुलैत घरातला पैसा बियाणं-खतात अडकलेला असतो आणि माणूस आभाळाकडे बघत असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निंदणी आणि फवारणी. चैत्र-वैशाखात शेत मोकळं, कापूस विकलेला, घरात पाहुणे, गावात लग्नं. तिकिटाला पैसा आणि थिएटरला जायला सवड, दोन्ही एकदम हाताशी येतात.

त्यात आखाजी. अक्षय्य तृतीया सगळ्या महाराष्ट्रात असते, पण खान्देशात तिचा थाट दिवाळीच्या बरोबरीचा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पितरांची घागर भरली जाते, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो, पुरुषांचे पत्त्यांचे डाव बसतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, सालही आखाजीलाच संपतं आणि नवं ठरतं, म्हणजे वर्षभर राबलेल्या माणसाचा हिशेब याच दिवसांत चुकता होतो. सालदारकी आता कमी झाली, तरी हातात पैसा येण्याचा हंगाम तोच राहिला. उन्हाळ्यातला पिक्चर इथे एकटादुकटा बघायची गोष्ट नाही. माहेरी आलेली बहीण, तिची पोरं, भाचे, शेजारची दोन जणं असा सगळा गोतावळा निघतो.

२०२१, २०२२ आणि २०२३ अशी ओळीने तीन वर्षं ईद आणि आखाजी एका दिवशी आल्या. पहिल्या वर्षी कोरोनामुळे आपल्याकडची थिएटरं बंद होती आणि सलमानचा ‘राधे’ लोकांनी घरीच बघितला. दुसऱ्या वर्षी त्याचा पिक्चरच नव्हता. तिसऱ्या वर्षी सगळं जुळून आलं.

आता रेल्वेकडे वळू, कारण खान्देशचं सिनेमाशी नातं रुळांवरून आलं आहे. मुंबईहून निघालेली लाइन भुसावळला फुटते. एक फाटा नागपूरकडे, एक खंडवा-इटारसीकडे. सुरतेकडून नंदुरबार, अमळनेरमार्गे येणारी तापी खोऱ्याची लाइनही शेजारच्या जळगावला येऊन मिळते. पिक्चरच्या रिळांच्या पेट्या रेल्वेने जायच्या, त्यामुळे मध्य प्रांत-वऱ्हाड आणि मध्य भारत या सर्किटांच्या, म्हणजे सिनेमा वाटपाच्या विभागांच्या, वितरकांनी भुसावळला कचेऱ्या थाटल्या. जुन्या मासिकांतल्या सिनेमाच्या जाहिराती बघा, मुंबई-दिल्लीच्या पत्त्यांबरोबर भुसावळचा पत्ता दिसतो. एवढ्याशा जंक्शनच्या गावात हिंदी सिनेमाच्या मोठ्या मुलखाचे सौदे होत होते, याचा खान्देशी माणसाला अभिमान वाटायला हवा आणि मला तो वाटतो.

पण पेटी भुसावळला उतरली म्हणून पिक्चर साक्रीला किंवा यावलला लागला असं होत नसे. प्रिंटा मोजक्या, त्या आधी मोठ्या गावात फिरणार. पस्तीस मिलिमीटरच्या प्रिंटचं हजार फुटांचं एक रीळ पडद्यावर साधारण अकरा मिनिटं चालतं. तीन तासांच्या पिक्चरची सोळा-सतरा रिळं होतात. दर खेळाला रीळ मशीनमधून जायचं, घासायचं, कधी तुटायचं. ऑपरेटर तुटलेली टोकं किंचित खरवडायचा, सिमेंट लावून दाबून धरायचा आणि पुन्हा चालू करायचा. एक फूट फिल्म म्हणजे सोळा चौकटी, सेकंदाच्या दोन तृतीयांश इतका वेळ. जोडताना दोन-चार फूट कापली गेली तर हिरोचा संवाद अर्ध्यातच तुटायचा. तालुक्याला पोचेपर्यंत पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडत असे. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते ती वैशाखातली. उन्हाळ्यातल्या अशा जत्रा म्हणजे फिरत्या तंबू टॉकीजचा हंगाम. रात्रीत जास्त खेळ बसवायचे म्हणून तंबूवाले एखादं गाणं, कधी अख्खं रीळ गाळायचे. जळगावात पहिल्या आठवड्यात बघितलेला पिक्चर आणि चार महिन्यांनी जत्रेत बघितलेला तोच पिक्चर, यांत खरोखर फरक असायचा. दोघांची मतं जुळायची कशी?

थिएटरातही पडदा सगळ्यांना सारखा दिसत नव्हता. थर्ड, सेकंड, फर्स्ट, बाल्कनी. काही गावांत बायकांना बसायला वेगळी जागा. पुढे हमाल, सालदार, कॉलेजची पोरं. वर मास्तर, रेल्वेतले बाबू, व्यापारी. पुढच्या रांगेत शिट्टी आणि चिल्लर उधळणं हा बघण्याचाच भाग होता. वरचा माणूस गप्प बसून बघायचा, घरी जाऊन बोलायचा.

इथेच लोक एक चूक करतात. शिट्टी मारणाऱ्याला गोष्टीशी देणंघेणं नसतं असं धरून चालतात. हा प्रेक्षक सिनेमाआधी तमाशाचा प्रेक्षक होता. गण, गौळण, बतावणी झाली की वग, म्हणजे तमाशातलं कथानाट्य, सुरू व्हायचा आणि तो पहाटेपर्यंत चालायचा. खान्देशच्या जत्रांनी मोठमोठे फड बघितले आहेत. लावणीला फेटे उडायचे हे खरं, पण वग पडला तर त्या फडाला पुढच्या जत्रेची सुपारी मिळणं अवघड. ज्याच्या बापाने वगाची अशी परीक्षा घेतली, त्याला कथा कळत नाही असं कसं म्हणायचं?

१९८२ चा एप्रिल याच्याशी जोडून बघण्यासारखा आहे. आखाजी होऊन चार दिवस झाले होते आणि ३० एप्रिलला अमिताभ बच्चनचा ‘नमक हलाल’ लागला. त्यात नायिका स्मिता पाटील. स्मिताचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, राजकारणातलं मोठं नाव. त्यामुळे स्मिता खान्देशची लेक. ‘भूमिका’साठी राष्ट्रीय पुरस्कार घेतलेली ही मुलगी पावसातल्या गाण्यावर बच्चनबरोबर नाचते, हे तिच्या अनेक चाहत्यांना रुचलं नाही. स्वतः तिलाही ते गाणं जड गेलं होतं, हे पुढे जाहीर झालं. त्याच गाण्याने पिक्चरला घराघरांत नेलं हेही तितकंच खरं. मला स्वतःला ‘जैत रे जैत’मधली स्मिता कितीतरी जवळची वाटते, तरी त्या गाण्यावर शिट्टी मारणाऱ्याला मी कमी लेखणार नाही. एकाच घरात दोन्ही मतं नांदू शकत होती, कारण दोन्ही बाजूंना ती आपलीच वाटत होती.

पुढे व्हिडिओ आला आणि थिएटरची मक्तेदारी मोडली. मालेगाव आजच्या जिल्ह्यांच्या नकाशात नाशिककडे आहे, पण खान्देशशी त्याचं येणं-जाणं रोजचं. तिथे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. कामगाराची सुट्टी आणि नवा पिक्चर लागण्याचा दिवस एकच, म्हणून सिनेमाचं वेड तिथे एवढं खोल गेलं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी तिथेच गाजलेल्या हिंदी पिक्चरांच्या आपल्या मालेगावी आवृत्त्या काढल्या, गावातल्याच माणसांना घेऊन. नुसतं भारावलेल्या प्रेक्षकाच्या हातून हे झालं नसतं. त्याला मूळ पिक्चरची नस कळलेली होती, म्हणून त्याने तो उलटा-सुलटा करून आपल्या गल्लीत बसवला. त्याच मालेगावात नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘टायगर ३’ चालू असताना थिएटरच्या आतच फटाके फुटले आणि असं करू नका म्हणून खुद्द सलमानला सांगावं लागलं. माणसं भरलेल्या बंद हॉलमध्ये रॉकेट सोडणं हा जिवाशी खेळ आहे, त्याला प्रेम म्हणू नये.

नंतर उपग्रहावरून पिक्चर थेट पडद्यावर येऊ लागले. पेटी गेली, रेघांचा पाऊस गेला आणि मुंबईचा शुक्रवार तोच चोपड्याचा शुक्रवार झाला. याने मतांचं गणित बदललं. आधी पिक्चर गावात यायच्या आत त्याची कीर्ती किंवा बदनामी पोचलेली असायची. आता मध्यंतरातच फोनवर निकाल लागतो. त्याच काळात हिंदीत डब केलेले दक्षिणेचे पिक्चर टीव्हीवर दिवसरात्र चालू लागले. म्हणून ‘बाहुबली’चा दुसरा भाग २०१७ च्या एप्रिलअखेरीस आला तेव्हा प्रभास कोण हे खान्देशात समजावून सांगावं लागलं नाही.

२०२३ च्या भांडणाचं मोठं कारण इथे सापडतं. सलमानचा तो पिक्चर २०१४ च्या ‘वीरम’ या तमिळ पिक्चरवरून घेतलेला. मूळ हिरो अजित. त्याचं हिंदी डबिंग बघितलेला पोरगा थिएटरात गेला तो तुलना करतच गेला. त्याला प्रत्येक फाइट आधीच माहीत होती. आखाजीला आलेली मावशी आणि तिची पोरं पहिल्यांदाच बघत होती, भावांचं घर, रुसवे-फुगवे, गाणी बघून खूश झाली. लांबच्या गावाहून गाडी करून आलेल्यांना एसीतले अडीच तासही मोलाचे होते, कारण जळगाव-भुसावळचा दुपारचा पारा त्या दिवसांत सहसा चाळिशीच्या खाली नसतो.

फाइट असली की भागतं हे म्हणणं सोमवारी कोसळलं. देशभरात शुक्रवारी १६ कोटींच्या आसपास, शनिवार-रविवारी रोज २५ कोटींच्या वर आणि सोमवारी साधारण १० कोटी. सणाची गर्दी सणापुरती आली, पुन्हा बघायला वळली नाही. उलट २०१६ च्या एप्रिलअखेरीस लागलेल्या ‘सैराट’मध्ये ओळखीचा एकही स्टार नव्हता आणि मराठीत शंभर कोटी ओलांडणारा तो पहिला पिक्चर ठरला. उन्हाळा तोच होता आणि लग्नसराईही तीच.

२०२५ ला ‘सिकंदर’ ३० मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी लागला. दुसऱ्या दिवशी ईद, आखाजी मात्र महिनाभर पुढे, ३० एप्रिलला. दोन्ही सण पुन्हा एका तारखेला यायला आता तीसेक वर्षं लागतील. तोवर माहेरवाशिणींचा पिक्चर वेगळा असेल आणि ईदचा वेगळा.