गावाशी जोडलेली पदवी : सेवाग्राम ते कुटुंब दत्तक योजना

डॉक्टरला शिकत असतानाच गावाची ओळख व्हावी, असं 1946 च्या आरोग्य समितीने लिहून ठेवलं होतं. तीन महिन्यांचं प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं शिक्षण, ही तिची शिफारस. त्यातून कॉलेजांमध्ये या विषयाचे, म्हणजे पीएसएमचे विभाग आले, पण बहुतेक ठिकाणी तो परीक्षेत पास होण्यापुरता विषय राहिला.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला मात्र वेगळं घडलं. 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी तिथे ग्रामीण भागातलं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. नव्या विद्यार्थ्यांचे पहिले दिवस आश्रमात जातात. पुढे प्रत्येक बॅच एक गाव घेते, तिथे मुक्कामाचं शिबिर करते आणि एकेका विद्यार्थ्याकडे तीन-चार कुटुंबं सोपवली जातात. ज्वारीच्या बदल्यात आरोग्य विमा देण्याचा प्रयोगही इथलाच. सुगीच्या वेळी घरटी ज्वारी गोळा व्हायची, ज्याची जमीन जास्त त्याचं माप जास्त. गावातली किमान 75 टक्के घरं सामील झाली तरच गाव योजनेत. अचानक आलेल्या आजारावर दवाखान्यात फुकट उपचार, पण मोतीबिंदू, हर्निया अशा सवडीने करता येणाऱ्या ऑपरेशनला बिलाचा काही भाग भरावा लागे. दवाखान्याच्या खर्चात गावाचा वाटा असला की गाव हक्काने प्रश्न विचारतं, हे त्यातून दिसलं. विदर्भात ठाण मांडून बसलेल्या हत्तीरोगावर इथल्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं संशोधन झालं, तेही याच मातीतून.

1977 मध्ये केंद्राने ठरवलं की देशातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगटांच्या (साधारण तालुक्याएवढ्या भागांच्या) आरोग्याची जबाबदारी घ्यावी. फिरत्या दवाखान्यांसाठी गाड्या आल्या. योजना कागदावर भक्कम होती, पण शिकवणाऱ्यांची बढती आणि विद्यार्थ्यांचे गुण या दोन्हींशी तिचा संबंध नव्हता, त्यामुळे ती हळूहळू विरली.

खरा वाद झाला तो ग्रामीण सेवेच्या सक्तीवर, आणि तो अजून मिटलेला नाही. सेवाग्रामने 1992 मध्ये आपल्या पदवीधरांना अट घातली : इथे पीजीची (पदव्युत्तर शिक्षणाची) जागा हवी तर आधी दोन वर्षं खेड्यात काम करा. राज्य सरकारची वाट वेगळी. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाचा बाँड, म्हणजे सरकारी सेवेची लेखी हमी, आणि पूर्वी ती दंड भरून चुकवता यायची. हा दंड पुढे पदवीसाठी 10 लाख आणि पीजीसाठी 50 लाखांवर गेला. दोन्हीकडे सक्तीच होती, पण फरक मोठा होता. पैशाने सुटता येणारी अट ज्याच्या घरात पैसा आहे त्याला बांधत नाही. ती बांधते शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या मुलाला. पीजीची जागा हा प्रत्येकाचाच जीव की प्राण, त्यामुळे सेवाग्रामच्या अटीतून पैशाच्या जोरावर सुटका नव्हती.

विद्यार्थ्यांची तक्रारही खोटी नाही. नेमणुकीचा आदेश यायला महिने लागतात, पीजीची परीक्षा तोंडावर असते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचल्यावर तरुण डॉक्टरला सल्ला द्यायला वरिष्ठ कुणी नसतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचे बाँड वैध ठरवले. कायद्याचा प्रश्न सुटला, पण त्या एका वर्षात डॉक्टरला शिकवायचं कुणी, हे ठरलं नाही. माझ्या मते ही जबाबदारी विद्यापीठाची आहे. 1998 पासून नाशिकला आरोग्यविज्ञानासाठी स्वतंत्र विद्यापीठ आहे आणि ॲलोपॅथीपासून आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगपर्यंत सगळे अभ्यासक्रम त्याच्या छत्राखाली आहेत. बाँडचं वर्ष प्रशासनाकडे आणि शिक्षण विद्यापीठाकडे, या वाटणीमुळे ते वर्ष कुणाचंच झालं नाही.

आता नवा टप्पा. 2022 पासून देशभर एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून तीन ते पाच कुटुंबं दत्तक घ्यायची आहेत. सेवाग्रामला अर्धशतक चाललेली रीत आता सर्वांना लागू झाली. रक्तदाब बघायचा, हिमोग्लोबिन, साखर तपासायची, लसीकरण राहिलंय का ते विचारायचं, आणि पुढची काही वर्षं त्याच घरात पुन्हा जायचं. घरात गरोदर बाई असेल तर अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी तिचं बाळंतपण, बाळाचं वजन, पहिला डोस सगळं जवळून पाहू शकतो. वॉर्डात हे दिसत नाही.

अडचण नोंदींची आहे. विद्यार्थी त्या लिहितो लॉगबुकात, गुणांसाठी. त्याच घराची दुसरी वही आशाताईंकडे असते आणि तिसरी उपकेंद्राच्या नर्सकडे. एका बाईचं हिमोग्लोबिन आठ, म्हणजे बरंच कमी असल्याचं विद्यार्थ्याला कळलं, तर ते त्याच आठवड्यात आशाताईंपर्यंत पोचलंच पाहिजे. ते पोचवायचं कुणी, हे प्रत्येक कॉलेजने लेखी ठरवावं.