अक्रोडाची जुनी खुर्ची कुरकुरते का?

रेनेसाँ रिव्हायव्हल ही फर्निचरची एक शैली, म्हणजे जुन्या इटलीची नक्कल, पण केलेली १८६०-८० च्या अमेरिकेत. काळ्या अक्रोडाच्या डायनिंग खुर्च्या, पाठीवर कोरलेली फळं, पानं, मुखवटे, वर मुकुटासारखा तुकडा, आणि मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्समध्ये तर असलं फर्निचर मशीनवर धडाधड बनायचं. आज अशी अँटिक खुर्ची घरी आणली की बसल्याबसल्या कुर्र्र होतं आणि लोक सुताराला नावं ठेवतात. त्याचा बहुतेक काही दोष नसतो हो.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा. हवा दमट झाली की नळ्यांच्या भिंती पाणी पिऊन फुगतात, कोरडी पडली की आक्रसतात, पण लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. ओलं काळं अक्रोड पार वाळवलं तर खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेनं साधारण ७.८ टक्के आटतं, गाभ्याकडून सालीकडे ५.५, आणि लांबीत फार तर ०.२ च्या आसपास. आता मागचा पाय उभा आणि त्यात घुसलेली सीटची पट्टी आडवी, म्हणजे एक ज्या दिशेनं फुगतं त्या दिशेला दुसरं ढिम्म! हिवाळ्यात हीटरनं घर कोरडंठाक, उन्हाळ्यात दमट, असे दीडशे हिवाळे गेले की सांधा सैल होणारच, त्यात जेवून झाल्यावर मागच्या दोन पायांवर झुलणारे पाहुणे, सगळा ताण नेमका त्याच सांध्यावर.

बरं, जुना डिंक म्हणजे सरस, जनावरांच्या कातड्या-हाडांतलं कोलॅजन उकळून केलेला. कोमट पाणी आणि वाफ दिली की तो मऊ पडतो, सांधा न मोडता उघडतो, साफ करून पुन्हा सरस लावायचा. म्हणून सैल खुर्चीत खिळा ठोकू नका प्लीज, खिळ्यानं लाकूड चिरतं, आणि हल्लीचा पांढरा ग्लू भरलात तर पुढच्या माणसाला तो सांधा नीट उघडता येत नाही.

कोरीवकामाला अक्रोडच का, तर ते बेताचं कडक, पोत मध्यम, पटाशीखाली कड स्वच्छ सुटते. आपल्या सागात सिलिका असते, हत्याराची धार लवकर जाते.

अजून एक उलटी गोष्ट, बरीच लाकडं जुनी झाली की गडद होतात, अक्रोड मात्र उजेडात राहून फिकट, मधाळ होतं. त्यामुळे तुटलेल्या पानाच्या जागी नवा तुकडा बसवला की तोच काळपट उठून दिसतो.