आधी गार, मग गरम

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घरी आंघोळीचा पहिला धडा आज्जीनं दिला तो असा : "आधी गार वत की रे, मग गरम येतंय." न्हाणीच्या कोपऱ्यात पाणी तापवायचा तांब्याचा बंब असायचा. त्याच्या डोक्यावरच्या नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तांब्याभर कढत पाणी बादलीत पडायचं. ओतणं थांबलं की तोटीही थांबायची. तिला चावी नव्हतीच. १९५६ च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, बंब मात्र होता तिथंच राहिला.

मला ती आज्जीची जादू वाटायची. नरसाळ्याची नळी बंबाच्या तळापर्यंत जाते आणि तोटीचं तोंड वर, काठाजवळ असतं, हे कळायला बरीच वर्षं गेली. ८० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी हलकं असतं. फरक एवढासाच, पण तेवढ्यावर गार पाणी तळाशी बसून राहतं आणि डोक्यावरच्या गरम पाण्याला वर ढकलतं. दोन्ही चटकन मिसळत नाहीत. आजच्या साठवणीच्या गिझरमध्येही गार पाणी तळाशी शिरतं आणि गरम पाणी वरून उचललं जातं. नरसाळ्याच्या जागी नळाचा दाब आला, इतकंच.

बंबाची दुसरी करामत त्याच्या पोटात. चुलीवरच्या हंड्याला जाळ लागतो तो बुडाला, निम्मी धग कडेनं निसटून न्हाणीच्या भिंती शेकत बसते. बंबात मधोमध उभी नळी, तिच्यात जाळ आणि भोवती सगळीकडून पाणी. धग कुठंही गेली तरी वाटेत पाणीच. वर धुराडं असल्यानं गरम हवा उचलली जाते आणि खालच्या जाळीतून ताजी हवा आपोआप ओढली जाते. फुंकणीचं काम पेट घेईपर्यंतच.

तांबं उष्णता भराभर नेतं म्हणून बंबात पाणी लवकर तापतं, असं आम्ही शाळेत लिहायचो आणि मार्कही मिळायचे. स्टेनलेस स्टीलच्या मानानं तांबं पंचवीसेक पट चांगलं वाहक आहे, हे खरंच. पण पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. उष्णता अडते ती पत्र्यात नाही, तर जाळाच्या बाजूनं पत्र्याला बिलगलेल्या हवेच्या पातळ थरात, आणि त्यावर काजळीची भर. तेव्हा श्रेय द्यायचं तर आकाराला द्यावं. तांबं घेतलं ते ठोकून हवं तसं वळतं आणि लोखंडासारखं गंजून झिजत नाही म्हणून.

खरी परीक्षा आषाढात. खानापूरकडून आलेली लाकडं पावसाआधी माळ्यावर चढवायची, त्यावरून घरात दरवर्षी एक तरी भांडण. त्यात तथ्य होतं. ओल्या लाकडातलं अर्धा लिटर पाणी वाफ होऊन उडायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात १२ लिटरची बादली २० वरून ४५ अंशांवर जाते. म्हणजे लाकूड ओलं राहिलं की एकाची आंघोळ धुराड्यातून गेली समजा. मग आज्जी शेंगांची टरफलं मूठमूठ टाकायची. कोरडी, पातळ, भुर्रकन पेटणारी.

(बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. इथं पाणी १०० नाही, साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळतं. आंघोळीला काही फरक पडत नाही, पण आमच्या मास्तरांचं पुस्तक तेवढ्यापुरतं चुकीचं होतं.)

एकदा काकानं पहाटे अंधारात रिकाम्या बंबात जाळ घातला. जुनी गळती डाख लावून बुजवलेली होती. डाख म्हणजे कथील आणि शिसं, ते दोनशे अंशांच्या आसपासच वितळू लागतं. भोवती पाणी असलं की पत्रा शंभराच्या फार वर जात नाही, कारण पाणी सगळी उष्णता पिऊन टाकतं. पाणी नसलं की पत्र्याला कुणी आवरायला उरत नाही. डाख टपटप निखाऱ्यांवर पडला. तांबटाकडून बंब परत यायला चार दिवस लागले, तोवर हंडा चुलीवर.

त्यानंतर आज्जी काडी ओढण्याआधी नरसाळ्यात तांब्याभर पाणी ओतायची, आणि तोटीतून धार पडलेली दिसेपर्यंत काडेपेटी कमरेला खोचलेलीच ठेवायची.