एएमएचचा आकडा कशाकशाने बदलतो?

तिशीतल्या अनेकींच्या फाइलमध्ये हल्ली एएमएचचा, म्हणजे अँटी-म्युलेरियन हार्मोन मोजणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट असतो. आकडा कमी दिसला की घरात धास्ती पसरते. म्हणून आधी तो येतो कुठून, ते पाहू.

अंडाशयात वाढीला लागलेली लहान फॉलिकल्स (स्त्रीबीज ज्यांत वाढतं त्या पिशव्या) हे हार्मोन तयार करतात. ती किती आहेत, त्यावरून मागे उरलेल्या स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज बांधतात. जन्मावेळी हा साठा १० ते २० लाखांचा असतो, वयात येताना ३-४ लाखांचा, तर रजोनिवृत्तीच्या सुमारास हजारभर. एएमएच पंचविशीच्या आसपास सर्वाधिक असतं, मग उतरत जातं. वयाइतका प्रभाव दुसऱ्या कशाचाच नाही.

तरीही एकाच वयाच्या दोघींत मोठी तफावत दिसते. त्यात अनुवंशाचा वाटा आहे. सुमारे ७,००० स्त्रियांच्या जनुकांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एमसीएम८ या जनुकाचा एएमएचशी संबंध दिसला. डीएनएच्या दुरुस्तीत भाग घेणारं हे जनुक रजोनिवृत्तीच्या वयाशीही जोडलेलं आहे.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एएमएच कमी दिसतं आणि त्या थांबवल्यावर काही महिन्यांत सावरतं. सिगारेट ओढणाऱ्यांतही ते कमी आढळतं. पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम या विकारात) मात्र ते दुप्पट-तिप्पट असू शकतं, कारण लहान फॉलिकल्स साचून राहतात. या विकारात पाळी अनियमितच असते, म्हणून जास्त आकडा पाहून निर्धास्त होऊ नये.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती चॉकलेट सिस्टची (एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात होणाऱ्या, जुन्या रक्ताने भरलेल्या गाठीची) शस्त्रक्रिया. सिस्टचं आवरण सोलताना आजूबाजूचा निरोगी भागही जाऊ शकतो आणि एएमएच घसरतं. मूल हवं असेल तर शस्त्रक्रियेआधीच हा विषय डॉक्टरांकडे काढायला हवा. कॅन्सरवरच्या काही केमोथेरपीआधीही तसंच.

आणि आकडा कमी म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असं नाही. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या सुमारे ७५० स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी एएमएच असलेल्यांना नैसर्गिकरीत्या गर्भ राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. आयव्हीएफमध्ये इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देईल, हे सांगायला ही तपासणी खरी उपयोगी.

दोन रिपोर्ट ताडताना एकक नक्की बघा: १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे ७.१४ पिकोमोल प्रति लिटर. शक्यतो लॅबही तीच ठेवा. पाळीचा दुसरा-तिसरा दिवस गाठायची गरज नाही. ती एफएसएचच्या (फॉलिकल्सच्या वाढीला चालना देणाऱ्या हार्मोनच्या) तपासणीला असते.