मरणस्मृती: एका जुन्या साधनेची जडणघडण

नादिका गावातल्या विटांच्या वसतिगृहात बुद्धांनी भिक्षूंना विचारलं, मरणस्मृती, म्हणजे मरण आठवण्याची साधना, कशी करता? अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या एका पाली संग्रहात, सहा उत्तरं आहेत. पहिला म्हणाला, एक दिवस-रात्र जगलो तरी शिकवणुकीकडे लक्ष देईन, हातून पुष्कळ काही होईल. दुसऱ्याने मुदत दिवसावर आणली, तिसऱ्याने एका जेवणावर, चौथ्याने चार-पाच घासांवर, पाचव्याने एका घासावर, सहाव्याने एका श्वासावर. बुद्धांनी शेवटच्या दोघांनाच जागरूक म्हटलं. मरणाचं चित्र किती भयाण रंगवलं, याला इथे काहीच किंमत नाही. अवधी किती आखूड धरला आणि त्यात काय करायचं ठरवलं, यावर सगळी मदार.

त्यापुढच्याच सुत्तात, म्हणजे उपदेशात, रोजचा क्रम आहे. दिवस मावळला की आठवायचं: साप, विंचू चावेल, ठेच लागून पडेन, खाल्लेलं बाधेल. मग स्वतःला विचारायचं, आज रात्री मेलो तर आड येईल असा कोणता दोष अजून सुटलेला नाही? सापडला तर डोक्याला आग लागल्यासारखी धडपड करायची. नाही सापडला तर आनंदाने साधना पुढे चालवायची. हा आनंद साधनेचाच भाग आहे आणि नेमका तोच बहुतेक सांगणारे गाळतात.

साधनेतले धोकेही ठाऊक होते. वैशालीला शरीराच्या अशुभतेवर ध्यान करणाऱ्या भिक्षूंना देहाची किळस येऊन काहींनी जीव दिला. त्यानंतर बुद्धांनी उरलेल्यांना आनापानसती, म्हणजे श्वासावरचं ध्यान, शिकवलं.

पाचव्या शतकात श्रीलंकेतल्या अनुराधपुरात बौद्ध भाष्यकार बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा साधनेवरचा पाली ग्रंथ लिहिला. त्याच्या आठव्या प्रकरणात मरणस्मृती कुठे बिघडते ते नेमकं आलं आहे. प्रिय माणसाचं मरण आठवलं की शोक होतो, शत्रूचं आठवलं की बरं वाटतं. ज्याच्याशी देणंघेणं नाही त्याचं आठवलं तर मन हलतच नाही, प्रेतं जाळणाऱ्याचं हलत नाही तसं. स्वतःचं आठवलं की धसका बसतो. चारही ठिकाणी कारण एकच: स्मृती, संवेग (साधनेची निकड जाणवून मन हलणं) आणि ज्ञान यांची जोड नसते. म्हणून, एके काळी सुखात पाहिलेली माणसं मेलेली दिसली की त्या तिन्हींसह मन तिथे लावायचं आणि एकांतात ‘मरणं, मरणं’ असं घोळवायचं. काहींना एवढं पुरतं. ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी आठ वाटा दिल्या आहेत; आयुष्याची मुदत, आजार, वेळ, जागा आणि पुढची गती यांतलं काहीच आधी कळत नाही, ही त्यांतलीच एक.

गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी संपादित केलेली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती 1940 साली मुंबईत भारतीय विद्या भवनाने छापली.