रॉकरचं तेल आणि घनाचा हिशोब

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्यांत एक समज फार पक्का असतो: टॅपेट वाजायला लागले (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची खटखट सुरू झाली), म्हणजे वर रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या झुलत्या दांड्यांपर्यंत, तेल पोचत नाही, तेव्हा तेलाचा जाड पाइप टाका. आवाज कधीकधी कमीही होतो. पण मग मागून निळा धूर सुरू होतो.

1920 च्या दशकातल्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या दांड्यावर आजच्यासारखं रबरी सील नसे. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इनलेटच्या (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या) बाजूला हवेचा दाब एकदम घटतो आणि रॉकरवरून ओघळलेलं तेल गाईडमधून (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीतून) आत ओढलं जाऊन जळतं; तोच तो निळा धूर. एक्झॉस्टला ही ओढ नसते. त्यामुळे दोघांना समसमान तेल देणं हा न्याय नव्हेच.

झाकण काढून इंजिन हळू चालवून बघा. एखादा रॉकर चूळ भरल्यासारखा तेल थुंकतो, शेजारचा जेमतेम ओला. दोघंही एकाच पोकळ शाफ्टवर, दाबही तोच. मग?

इथे माझं आवडतं गणित येतं. बुश (रॉकरच्या भोकातलं धातूचं अस्तर) आणि शाफ्टमधल्या फटीतून झिरपणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. 0.05 मिमीची फट झिजून 0.10 झाली, की गळती दुप्पट नाही, आठपट! झिजलेला बुश शेजाऱ्यांचं तेल पळवतो, उपाशी शेजारी झिजतात. जाड पाइपने चोराचीच चंगळ होते, शिवाय खाली क्रँकशाफ्ट पेलणाऱ्या मेन बेअरिंगचा तेलाचा दाब घटतो तो वेगळाच. (बाटलीतलं 'जादुई' ॲडिटिव्ह ओतून झिजलेला धातू परत येत नाही, हेही सांगून टाकतो.)

उपाय उलटा आहे: प्रत्येक रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या फाट्याच्या तोंडाशी मुद्दाम अडथळा घालायचा. समजा बुशचा विरोध 1 आणि अडथळ्याचा 9, एकूण 10. बुश झिजून त्याचा विरोध अष्टमांश झाला, तरी एकूण 9.125 उरतो. प्रवाह वाढला जेमतेम दहा टक्के! मात्र सगळ्यांसाठी मुखाशी एकच अडथळा ठेवला, तर चोरी तशीच राहते, उलट भांडायला तेल कमी. शाफ्ट दोन असतील (एक इनलेटचा, एक एक्झॉस्टचा), तर निदान प्रत्येकाला स्वतंत्र अडथळा हवा, आणि इनलेटचा अधिक कडक.

आता अडथळा म्हणजे बारीक छिद्र, आणि ते कचऱ्याने तुंबतं. तिथे प्वाझय मदतीला येतो. 1840 च्या सुमारास रक्तप्रवाहाचा विचार करणाऱ्या या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं, की बारीक नळीतला प्रवाह व्यासाच्या चतुर्थ घाताने बदलतो आणि लांबीने भागला जातो. म्हणजे 1 मिमीऐवजी 2 मिमीची वाट चालेल, फक्त ती सोळापट लांब हवी. आणखी एक गंमत: तेल थंड असताना दाट, तापल्यावर पातळ, पण अशा लांब वाटेचा आणि बुशच्या फटीचा विरोध एकाच पटीने बदलतो. म्हणून सकाळी गार इंजिनावर जमवलेली वाटणी तापल्यावरही, दोन्हीकडचं तेल सारखंच तापलं असेल तर, तीच राहते.