ॲक्सेलरोमीटरची निवड आणि ‘तीन डीबी’चा घोळ

ॲक्सेलरोमीटर म्हणजे यंत्राच्या कंपनांचं त्वरण मोजणारा सेन्सर. १९२० च्या दशकातली कार्बनच्या चकत्यांची साधनं आणि १९४० च्या दशकात बाजारात आलेले पिझोइलेक्ट्रिक (दाबल्यावर विद्युतभार देणाऱ्या स्फटिकाचे) सेन्सर, हा जुना इतिहास एवढाच पुरे. आजच्या निवडीचे प्रश्न सुरू होतात १९६० च्या दशकात, सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर सेन्सरच्या आतच बसू लागला तेव्हापासून. त्याआधी स्फटिकावरचा अत्यल्प विद्युतभार खास केबलने चार्ज ॲम्प्लिफायरपर्यंत न्यावा लागे. केबल हलली तरी खोटा सिग्नल उमटे. नव्या रचनेत साधी केबल पुरू लागली आणि सेन्सर प्रयोगशाळेतून थेट पंपाच्या बेअरिंगवर आला. मात्र आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंतच उष्णता सोसते, म्हणून टर्बाइनच्या गरम भागांवर जुनी चार्ज पद्धत आजही टिकून आहे.

पुढे हातात धरायचे डेटा कलेक्टर आले, १०० मिलिव्होल्ट प्रति जीचा (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण) सेन्सर सगळीकडे रुळला, आणि कॅटलॉगमधल्या एका आकड्याला अवास्तव महत्त्व आलं : वारंवारतेची वरची मर्यादा. ती किती चूक धरून द्यायची याची रीत एक नाही : कुठे ती ±५ टक्क्यांना दिलेली असते, कुठे ±१० टक्क्यांना, तर कुठे ±३ डेसिबलला (डीबी, गुणोत्तराचं लॉगरिदमिक एकक). ‘तीन डीबी’ ही फिल्टर आणि ॲम्प्लिफायरवाल्यांची रीत. तिथे त्या बिंदूवर सिग्नलची शक्ती निम्मी होते, म्हणून त्याला अर्थ आहे. ॲक्सेलरोमीटरचं वरचं टोक उलटं वागतं. रेझोनन्स, म्हणजे सेन्सर स्वतःच जोरात कंप पावतो ती वारंवारता, जवळ येतो तसं रीडिंग फुगत जातं, आणि तीन डीबीला ते खऱ्यापेक्षा सुमारे ४१ टक्के जास्त असतं.

३० किलोहर्ट्झ रेझोनन्स असलेला सेन्सर घ्या. ५ टक्के चूक चालत असेल तर तो साधारण साडेसहा किलोहर्ट्झपर्यंत वापरता येतो, १० टक्के चालत असेल तर नऊपर्यंत. तीन डीबीला मात्र त्याच सेन्सरवर सोळा किलोहर्ट्झ छापता येतात. सेन्सर तोच, आणि तिन्ही आकडे खरे! खरेदीच्या तक्त्यात सोळावाला साहजिकच वर जातो.

तीन डीबीच्या पद्धतीची बाजू घेणारे म्हणतात की बेअरिंगचा ट्रेंड (काळानुसार होणारा बदल) बघताना चूक दर वेळी तेवढीच राहते, मग बिघडलं कुठे? ट्रेंडपुरतं हे पटतं. पण दोन मशीनची तुलना करायची असेल किंवा स्वीकृती चाचणी असेल, तर ४१ टक्क्यांना मोजमाप म्हणताच येत नाही.

शिवाय हे सगळे आकडे स्टडवर (स्क्रूने) घट्ट बसवलेल्या सेन्सरचे. मॅग्नेट लावला की बसवणीचा रेझोनन्स सात-आठ किलोहर्ट्झवर उतरतो आणि भरवशाची मर्यादा दोनेक किलोहर्ट्झवर येते. हाताने टेकवायच्या प्रोबला तर एक किलोहर्ट्झच्या वर जाऊच नये. १० ते १,००० हर्ट्झमधला वेग मिलिमीटर प्रति सेकंदात बघायचा, तर मॅग्नेटही पुरतो. गिअर आणि बेअरिंगसाठी नाही.

१९९० च्या दशकात मोटारींच्या एअरबॅगसाठी एमईएमएस (सिलिकॉनवर कोरलेल्या सूक्ष्म यांत्रिक) चिप आल्या. शून्य हर्ट्झपासून मोजणाऱ्या आणि स्वस्त असलेल्या या चिप आता वायरलेस सेन्सरमधून मशीनवर चढल्या आहेत. त्यांच्या माहितीपत्रकांतही बँडविड्थ (वारंवारतेचा वापरायोग्य पट्टा) बहुतेक तीन डीबीलाच दिलेली असते.